लिलावाच्या नांवानें येणारीं खोटीं पत्रें

लिलाव हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. थकलेल्या शेतसाऱ्यापायीं निघालेला लिलाव, गवताच्या कुरणाचा लिलाव, बाजार समितीच्या आवारांतील कांद्याचा उघड लिलाव, हे सर्वांनीं पाहिलेले आहेत. तेथें बोली बोलणारा, बोली पुकारणारा आणि माल हे तिन्ही एका जागीं हजर असतात. इंटरनेटवरील लिलावांत मात्र यांपैकीं कोणीच कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. दृष्टीस पडतें तें पडद्यावरील पत्र. या एका भेदावर लबाडांचा मोठा धंदा उभा राहिला आहे.

अशा लिलावांचें सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील ईबे. पिअर ओमिडयार या गृहस्थांनीं तें सप्टेंबर १९९५ मध्यें कॅलिफोर्निया प्रांतांत सुरू केलें. परक्या माणसाचा भरंवसा कसा धरावा, ही अडचण लौकरच पुढें आली. तेव्हां १९९६ मध्यें त्यांनीं प्रत्येक व्यवहारानंतर एकमेकांविषयीं अभिप्राय नोंदविण्याची सोय केली. त्या अभिप्रायांची बेरीज हीच खातेदाराची पत होय. ईबेचें भारतांतील दुकान २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत बंद झालें; तथापि येथील कांहीं विक्रेते त्या मार्गानें परदेशीं माल विकतात, आणि ज्यांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत अशा घरांतून हें नांव परिचयाचें आहे.

चोरास या ठिकाणीं रोख पैशाइतकीच ही पत हवी असते. एखाद्यानें दहा वर्षें सचोटीनें व्यवहार करून नांव मिळविलें असेल, तर त्याच्या खात्याचा पासवर्ड हातीं येतांच चोर त्याच्या नांवानें नसलेला माल लिलावास लावतो. घेणारे जुनें चांगलें नांव पाहून पैसे पाठवितात, आणि तक्रारी येतात त्या मूळ मालकावर. दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर कर्ज उचलावें, तशांतलाच हा प्रकार.

पासवर्ड काढून घेण्याच्या या युक्तीस फिशिंग म्हणतात. मासे धरण्याच्या इंग्रजी शब्दावरून हें नांव पडलें, आणि तें यथार्थ आहे. कारण गळास लावावयाचें आमिष माशागणिक बदलतें. खातें बंद होणार असल्याची धमकी हें सर्वांत जुनें आमिष. त्याहून धूर्त तें असें कीं, एखाद्या गिऱ्हाइकाच्या नांवानें पत्र येतें: मीं पैसे भरून तीन आठवडे झाले, माल अद्याप नाहीं, आज उत्तर न आल्यास तुमच्याविरुद्ध तक्रार करीन. ज्यानें असा माल कधीं विकलाच नाहीं, तो सज्जन मनुष्य संतापतो, आणि खुलासा करण्याच्या घाईंत पत्रांतील उत्तराचें बटण दाबतो. पुढें हुबेहूब ईबेसारखें पान उघडतें व नांव आणि पासवर्ड मागतें. लोभी माणूसच फसतो अशी एक समजूत आहे. या पत्रांत तर अब्रूस जपणारा माणूस आधीं सांपडतो.

लिलावांत हरलेल्यासाठीं वेगळा गळ असतो. ईबेवर दुसरी संधी नांवाची एक खरी पद्धत आहे. पहिला बोलीदार मागें हटला, किंवा विक्रेत्याजवळ तसाच आणखी नग असला, तर खालच्या बोलीदारास त्याच्याच बोलीच्या किमतीस वस्तु देऊं करतां येते. लबाडांनीं हीच पद्धत उचलली. लिलावांत बोली बोलणाऱ्यांचीं नांवें पूर्वीं सर्वांस दिसत. तीं पाहून ते हरलेल्यास खोटें पत्र धाडीत, आणि ईबेबाहेरून तार-मनिऑर्डरीसारख्या मार्गानें पैसे मागवीत. एकदां गेलेले ते पैसे परत मिळविणें फार दुर्घट. पुढें ईबेनें बोलीदारांचीं नांवें झांकून दाखविण्यास आरंभ केला, तो या कारणानेंच.

विक्रेत्यास येणाऱ्या एका पत्रांत पासवर्डाचा उल्लेखहि नसतो. पैसे जमा झाले आहेत, मात्र माल रवाना केल्याचा क्रमांक कळवीपर्यंत ते अडकवून ठेवले आहेत, एवढाच त्यांतील मजकूर. विक्रेता माल पाठवितो. पैसे मुळांत आलेलेच नसतात.

अशीं पत्रें ओळखावीं कशीं? भाषेच्या चुका पाहाव्या, असें पूर्वीं सांगत. ती खूण आतां निरुपयोगी झाली आहे, कारण यंत्राकडून निर्दोष मजकूर घटकेंत लिहवून घेतां येतो. पत्रांत आपलें खरें नांव आहे, म्हणून पत्र खरें, हेंहि खरें नव्हे. २०१४ च्या मे महिन्यांत ईबेनेंच जाहीर केलें कीं खातेदारांचीं नांवें, पत्ते व जन्मतारखा असलेलें दप्तर चोरांच्या हातीं लागलें होतें, आणि सर्वांनीं पासवर्ड बदलावे. पाठविणाऱ्याचें नांव तर पाकिटाच्या पाठीवर कोणीहि कांहींहि लिहावें तसें लिहितां येतें. कुलुपाचें चित्रहि फसवें आहे. वाटेंत कोणी डोकावत नाहीं एवढेंच तें सांगतें. वाट कोणाच्या घरीं जाते, हें सांगत नाहीं.

पत्त्याची परीक्षा मात्र शिकून ठेवण्यासारखी आहे. लिंकवर बोट दाबून धरल्यास, न उघडतां, खरा पत्ता बहुधा दिसतो. त्यांतील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वींचा भाग घ्यावा व तो शेवटाकडून वाचावा. साइनइन.ईबे.कॉम हा पत्ता ईबेचा, परंतु ईबे.कॉम.खाते-तपासणी.नेट हा खाते-तपासणी.नेट या नांवाच्या मालकाचा, मग डावीकडे ईबे कितीहि वेळां लिहिलेलें असो. नुसतें वडगांव म्हटल्यानें गांव ठरत नाहीं, तालुका विचारावाच लागतो. (ब्रिटनच्या को.यूके सारख्या शेपटींत शेवटचे दोन शब्द सोडून तिसरा पाहावा.)

परंतु आमच्या मतें ही सर्व दुय्यम साधनें आहेत. तहसील कचेरींत कोणी नोटीस घेऊन आला, तर तिचा शिक्का खरा वाटतो कीं खोटा, यावर आम्ही वाद घालीत नसूं. जावक बारनिशी उघडून त्या क्रमांकाखालीं, त्या तारखेस, त्या इसमाच्या नांवें कागद गेल्याची नोंद आहे कीं नाहीं, एवढें पाहत असूं. येथेंहि तेंच करावें. पत्रांतील कोणतीहि लिंक न उघडतां, आपल्या हातानें ईबेचा पत्ता लिहून खात्यांत जावें व तेथील संदेशांचें पान पाहावें. खात्याविषयींच्या खऱ्या पत्राची प्रत तेथें असते. दुसऱ्या संधीचीहि असते. पैसे जमा झाल्याचें पत्र असेल, तर जेथें जमा झाल्याचें म्हटलें आहे त्या खात्यांतील शिल्लक पाहावी. या कामास दोन मिनिटें लागतात, आणि पत्र कितीहि बेमालूम वठलें असलें तरी या परीक्षेंत बाधा येत नाहीं. पत्रांत घाई जितकी अधिक, तितकी हीं दोन मिनिटें अधिक आग्रहानें घ्यावीं.

आपल्याकडे जुना ट्रॅक्टर किंवा बैलजोडी इंटरनेटवर विकावयास काढली म्हणजे जे फोन येतात, ते याच कुळांतले. पैसे पाठवितों, हें चित्र स्कॅन करा व पिन दाबा, असें समोरचा सांगतो. यूपीआयमध्यें पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. पिन दाबला कीं पैसे जातातच.

पासवर्ड देऊन बसल्याचें ध्यानांत आल्यास लाजेनें गप्प राहूं नये. तो ताबडतोब बदलावा. तोच ईमेलच्या खात्यासहि लावला असेल तर ईमेलचा आधीं बदलावा, कारण इतर खात्यांच्या किल्ल्या तेथूनच मिळतात. बँकेचा तपशील गेला असेल तर बँकेस त्याच घटकेस कळवावें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं ग्राहकानें स्वतः गुप्त तपशील दिल्यास बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, आणि कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणून कळविल्याची वेळ व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. त्यानंतर १९३० या क्रमांकावर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे मदतकेंद्रास फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वीं हा फोन झाला, तर ते गोठवितां येण्याचा संभव असतो. मूळ पत्र रागानें पुसून टाकूं नये. तपासास तेंच लागतें.