दुसरा एमआरआय कशासाठी?

काळेवाडीत कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी आम्ही गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, एमआरआय एकदा झालाय ना, मग पुन्हा कशाला? परत कामाचा खाडा!" गुदाशयाच्या कॅन्सरपुरते याचे उत्तर समजून घेऊ.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. इथली गाठ वाढलेली असेल तर बहुधा आधी पाच-सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे आपण म्हणतो तो शेक, आणि सोबत केमो देतात. ऑपरेशन त्यानंतर. गाठ फार खाली असेल तर पोटावर कायमची पिशवी लावावी लागू शकते. म्हणूनच उपचार किती लागू पडला, हे कळणे महत्त्वाचे.

शेकानंतर गाठीच्या जागी व्रण राहतो. व्रण कोणता आणि उरलेली गाठ कोणती, हे साध्या एमआरआयवर ओळखणे अवघड जाते. तिथे डिफ्युजन एमआरआय मदत करतो. तो शरीरातील पाण्याच्या कणांची हालचाल टिपतो. गाठीत पेशींची दाटी असते, पाण्याला हलायला जागा नसते. पेशी मेल्या की दाटी कमी होते आणि पाणी मोकळे फिरते. हा बदल गाठ आकसण्याआधीही दिसू शकतो. त्यावरून उपचार चालू असतानाच अंदाज बांधता येईल का, याचा अभ्यास जगभर सुरू आहे. सध्या मुख्य तपासणी उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी होते. सोबत बोटाने आणि दुर्बिणीनेही तपासतात.

गाठ पूर्ण विरघळलेल्या काही रुग्णांना ऑपरेशन न करता कडक देखरेखीखाली ठेवता येते, हे ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली मांडले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही निवडक रुग्णांसाठी हा मार्ग वापरतात. मात्र तो निर्णय डॉक्टरांनी तपासण्या पाहून घ्यायचा. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने ऑपरेशन टाळू नका. गाठ परत येऊ शकते.

लक्षात ठेवा :
• एमआरआयमध्ये रेडिएशन नसते, मोठे चुंबक असते. ग्राइंडिंग, वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर आधी सांगा.
• पहिल्या एमआरआयची सीडी व रिपोर्ट न्या. तुलना त्यावरच होते.
• खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.
• शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालू नका. वायसीएममध्ये दाखवा. लाजू नका.