हृदयविकाराची औषधे : गुण, दोष आणि घरच्यांची जबाबदारी

रुग्णसेवेच्या वार्षिक आढाव्याबरोबर आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. या वेळी विषय निवडला आहे तो हृदयविकाराच्या औषधांचा, आणि त्यातही सर्वांच्या बोलण्यात 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधांचा. पेण आणि रोहा तालुक्यांतील रुग्ण पनवेल, नवी मुंबई अथवा मुंबई येथे जाऊन अँजिओप्लास्टी करून घेतात आणि गावी परततात. स्टेंट बसविण्याचे काम तासा-दोन तासांत आटोपते. तो मोकळा राखण्याचे काम त्यानंतर महिनोन्‌महिने चालते, आणि ते घरातील गोळ्यांच्या डब्यावर अवलंबून असते. त्या डब्यात काय आहे, हे घरातील किती जणांना ठाऊक असते? या प्रश्नातूनच प्रस्तुत लेख जन्मला आहे.

महाडचा धडा

औषधाचा गुण आणि त्याचा दोष या दोन निराळ्या वस्तू नव्हेत, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी धडधाकट माणसे आणि विशेषतः लहान मुले दगावत असत. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी या रुग्णांना 'प्रॅझोसिन' हे औषध देण्यास प्रारंभ केला. हे औषध मूळचे उच्च रक्तदाबावरील. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी शेकडा तीस-चाळीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या सहकार्याने झालेले हे कार्य 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे गेले आणि २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव यांना पद्मश्री प्राप्त झाली.

यातील मर्म असे की, प्रॅझोसिन रक्तवाहिन्या सैल करते. रक्तदाबाच्या सामान्य रुग्णाने पहिलीच गोळी घेऊन चटकन उभे राहिल्यास त्याला याच गुणामुळे चक्कर येते, क्वचित तो कोसळतो. विंचूदंशाच्या रुग्णास मात्र तोच गुण जीवदान देतो. औषध एकच, त्याचे कार्य एकच. ते उपकारक की अपायकारक, हे रुग्ण, वेळ आणि मात्रा ठरवितात.

रक्त खरोखर पातळ होते काय?

हाच न्याय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्यांना लागू पडतो. वास्तविक या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. कोयता लागला, ठेच लागली, की हे कण जखमेपाशी धावून एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबवितात. हृदयाच्या रोहिणीतील चरबीचा थर फुटला तरी ते तेच करतात, कारण बाहेरची जखम आणि आतली जखम हा भेद त्यांना कळत नाही. तेथे तयार झालेली गुठळी वाहिनी बंद करते आणि हृदयविकाराचा झटका येतो. नव्याने बसविलेला स्टेंटही या कणांना परकाच वाटतो.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या कणांची चिकटण्याची शक्ती कमी करतात. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते आणि ज्या कणावर या गोळीचा परिणाम झाला, तो कण अखेरपर्यंत निष्प्रभ राहतो. त्यामुळे ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी दिवसातून एकदा पुरते, आणि गोळी बंद केली तरी तिचा परिणाम सुमारे आठवडाभर रेंगाळतो.

झडपांचे विकार अथवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिली जाणारी वॉरफरिन, ॲसिनोकुमरॉल ही औषधे मात्र वेगळी होत. ती प्लेटलेटवर नव्हे, तर रक्त गोठविणाऱ्या घटकांवर कार्य करतात आणि त्यांच्यासाठी ठरावीक काळाने 'आयएनआर' ही रक्ततपासणी करावी लागते. 'रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे' एवढे सांगणे म्हणूनच पुरेसे नाही. गोळीचे नावच सांगावे.

उपयोग किती मोठा

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आल्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण सहभागी होते. ॲस्पिरिन न मिळालेल्यांपैकी दर हजारी सुमारे ११८ जण पाच आठवड्यांत हृदय वा रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. ॲस्पिरिन मिळालेल्यांत हीच संख्या ९४ होती. एका चहाच्या किमतीपेक्षा स्वस्त असलेल्या गोळीने हजारामागे चोवीस प्राण वाचावेत, ही वैद्यकातील थोर घटना मानली पाहिजे.

झटक्यानंतर अथवा स्टेंट बसविल्यानंतर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर वा प्रासुग्रेल यांपैकी एक औषध दिले जाते. झटक्यानंतर ही जोडी सामान्यतः वर्षभर चालते. काहींच्या बाबतीत डॉक्टर ती मुदत कमी वा अधिक करतात. मुदतीपूर्वी गोळ्या बंद पडल्यास स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते, आणि तो प्रसंग बहुधा पहिल्या झटक्याहून घातक असतो.

दोष कोणते

ज्या शक्तीने गुठळी टळते, त्याच शक्तीने रक्तस्रावही लांबतो. हिरड्यांतून थोडे रक्त येणे, अंगावर निळसर डाग पडणे, दाढी करताना कापले तर रक्त थांबण्यास वेळ लागणे या किरकोळ गोष्टी होत. त्या डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात, परंतु त्यांसाठी गोळी परस्पर बंद करू नये. मात्र डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, लघवीतून रक्त, अथवा डोक्यास मार लागल्यानंतर येणारी गुंगी वा वाढती डोकेदुखी ही धोक्याची चिन्हे असून तत्काळ रुग्णालय गाठावे.

ॲस्पिरिन जठराच्या अस्तरास इजा करते. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे किंवा ज्यांचे वय अधिक आहे, त्यांना त्यासोबत आम्लता कमी करणारी गोळी दिली जाते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी मात्र ओमेप्राझोल स्वतःहून घेऊ नये, त्याने क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटतो. अशा वेळी बहुधा पँटोप्राझोल निवडले जाते. टिकाग्रेलरमुळे काहींना धाप लागते. प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत, आणि साठ किलोहून कमी वजनाच्या रुग्णांत ते विशेष जपून द्यावे लागते.

ज्यांना गरज नाही, त्यांनी घेऊ नये

'चाळिशी उलटली, आता रोज एक ॲस्पिरिन घ्यावी' असा समज अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. २०१८ मध्ये 'ॲस्प्री' या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्ध होते. हृदयविकार टाळण्यात ॲस्पिरिनचा लक्षणीय लाभ दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र हजारी सुमारे २८ वरून ३८ वर गेला. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, असे मानणे घातक आहे.

आपल्या भागातील चार प्रसंग

पहिला प्रसंग अंगदुखीचा. भातलावणीत दिवसभर वाकून, किंवा पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामात रात्र-रात्र बसून काम केल्यावर पाठ धरते आणि दुकानातून डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेनची गोळी आणली जाते. हृदयाच्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास जठरातून रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणे अधिक सुरक्षित.

दुसरा प्रसंग पावसाळी तापाचा. डेंग्यूत प्लेटलेटची संख्या घटते. तापासाठी ॲस्पिरिन कदापि घेऊ नये. परंतु स्टेंटसाठी चालू असलेली गोळी थांबवावी की नाही, हे प्लेटलेटची संख्या आणि स्टेंट बसवून झालेला काळ पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

तिसरा प्रसंग दात काढण्याचा. 'दात काढायचा म्हणून आठ दिवस गोळ्या सोडल्या' हे वाक्य ऐकताना आम्हांस धडकी भरते. साध्या दंतोपचारासाठी बहुतेक वेळा गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. रक्त स्थानिक उपायांनी थांबविता येते. दंतवैद्यास मात्र आधी सांगितले पाहिजे.

चौथा प्रसंग सुटलेल्या मात्रेचा. धाटावच्या कारखान्यांत पाळी बदलली, की गोळीची वेळ चुकते. गणपतीला मुंबईहून गावी येताना गोळ्या घरीच राहतात. अशा वेळी 'चार दिवसांनी काय बिघडते' असे म्हणू नये. औषधांची चिठ्ठी दाखवून जवळच्या दुकानातून त्या आणाव्यात. एखादी मात्रा चुकली, तरी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

अन्य औषधे थोडक्यात

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही औषधे हृदयाची गती कमी करतात; दम्याच्या रुग्णाने आपला विकार डॉक्टरांना सांगावा, आणि ती एकाएकी बंद करू नयेत. रॅमिप्रिल व एनालाप्रिलमुळे कोरडा खोकला येऊ शकतो. खोकल्याचे औषध पीत राहण्यापेक्षा गोळी बदलून घ्यावी. ॲटोर्वास्टॅटिनने कोलेस्टेरॉल घटते. स्नायू असह्य दुखू लागल्यास अथवा लघवी गडद झाल्यास दाखवावे. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बसूनच घ्यावी, अन्यथा भोवळ येते. सिल्डेनाफिलसारख्या औषधाबरोबर ती घेणे जिवावर बेतू शकते. सूज उतरविणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खारे बोंबील, पापड आणि लोणचे यांचा मोह आवरावा, कारण मीठ त्या गोळीचे श्रम वाया घालविते.

घरच्यांसाठी

प्रत्येक रुग्णाच्या खिशात एक कागद असावा : औषधांची नावे, मात्रा, स्टेंट बसविल्याची तारीख आणि गोळ्यांची मुदत. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी वा रक्तस्राव नसल्यास, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ३०० मिलिग्रॅमच्या सुमारास ॲस्पिरिन चावून घेतल्याने लाभ होतो. मात्र तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे अशा पक्षाघाताच्या लक्षणांत ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅननंतरच कळते.

देणगीदारांना विनंती

स्टेंटची किंमत २०१७ साली शासनाने नियंत्रित केली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरजू रुग्णांची अँजिओप्लास्टी होऊ शकते. शस्त्रक्रियेसाठी हात पसरणारे पुष्कळ भेटतात, त्यांना साहाय्यही मिळते. परंतु पुढील वर्षभराच्या गोळ्यांसाठी साहाय्य मागण्यास कोणी येत नाही. महिनाअखेरीस पैसे संपले, की रुग्ण मुकाट्याने एक गोळी सोडतो, आणि त्याचा बोभाटा होत नाही. देणगीदारांनी या नि:शब्द गरजेकडेही पाहावे. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांतून हीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात, हेही रुग्णांच्या नातेवाइकांनी जाणून घ्यावे.

औषध देणे हे आमचे काम आहे. ते वेळेवर, ठरलेल्या मुदतीपर्यंत आणि समजून घेतले जाणे हे आपल्या सर्वांचे. गोळीचे नाव आणि तिचे कारण ठाऊक असणारा एक तरी माणूस प्रत्येक रुग्णाच्या घरी असावा, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे.