सातला बोलावलं की आधी नंबर विचार

मीनल, दादाचा मोतीबिंदू काढायचं ठरलं ते बरं झालं. 'सकाळी यायचं, दुपारी घरी' असंच सांगितलं असेल. ऑपरेशन खरंच पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. बाकीचा दिवस बाहेरच्या खुर्चीवर जातो आणि माणूस कावतो तो तिथेच.

म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचार, लिस्टमध्ये दादाचा नंबर कितवा? सातला म्हणजे सगळ्यांनाच सातला बोलावतात. आमच्या ह्यांना उपाशीपोटी बोलावलं आणि आत घेतलं दीडला! शुगरचा माणूस, सकाळची गोळी घ्यायची की नाही, कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी आपली शिस्तीत घेतली. अकराच्या सुमारास कपाळ घामानं ओलं, बोटं थरथरायला लागली. काउंटरवरची मुलगी म्हणे, 'आजोबा घाबरलेत.' म्हटलं, बाई, घाबरलेत कसले, साखर उतरलीय, मशीन आण आधी. मशीन आल्यावर पळापळ झाली. तेव्हा उपाशी राहायचं का, कधीपासून, शुगरच्या गोळीचं काय, हे डॉक्टरांकडून लिहूनच घे. नुसते थेंब घालून भूल देणार असतील तर पुष्कळ डॉक्टर हलकं खाऊ देतात. आणि शुगरच्या पेशंटला पहिला नंबर द्या म्हणायला लाजू नकोस.

दादा प्रोस्टेटसाठी रात्री गोळी घेतो ना? तिच्यात टॅम्सुलोसिन असेल तर सर्जनला आत्ताच सांग. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, म्हणून लोक बोलतच नाहीत. त्या गोळीनं बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, ऑपरेशन चालू असताना लोळायला लागतो. आधी कळलं की डॉक्टर तयारीनं उतरतात. आदल्या रात्री गोळी चुकवून काही साधत नाही, आणि पूर्वी घेत असेल तरी सांगायचंच. रक्त पातळ करायची गोळीही विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

लेन्स कुठली, किती रुपयांची, हे अगोदर ठरव. बाहुली मोठी करायचे थेंब पडले की जवळचं धड वाचता येत नाही, आणि नेमका तेव्हाच कागद सहीला येतो, 'काका, थोडे जास्त भरून भारीतली घ्या ना!' साध्या मोनोफोकलनं लांबचं छान दिसतं, वाचायला चष्मा लागतो. दादाच्या नाकावर तो जन्मभर आहेच, त्याला काय त्याचं! नंबर तिरपा असेल तर टोरिकचा विचार कर. लेन्सच्या डबीवरचं स्टिकर फाइलला लावून घे, क्लेमला मागतात.

विम्याचं म्हणशील तर, डे-केअर म्हणून चोवीस तास भरती राहायची अट नसते. पण मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं, शिवाय डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. ते आधी बघ. 'टीपीएचं', म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्यांचं, 'अप्रूव्हल आलं नाही' म्हणून बसवून ठेवलं, तर कागद किती वाजता पाठवला ते विचार. विमा नियामक इर्डाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. वेळ विचारली की पुष्कळदा कळतं, कागद अजून हॉस्पिटलच्याच टेबलावर आहे.

घरी आल्यावर काम थेंबांचं. दोन बाटल्यांमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ दे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. डोळ्यावरून पाणी नको, चोळणं तर मुळीच नको. दुखणं किंवा लाली वाढली, दिसायला कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्यासाठी रात्री लावायचा फोन नंबर माग आणि निघायच्या आधी तिथेच उभी राहून लावून बघ. आम्हाला दिलेला नंबर रिसेप्शनचा निघाला, आणि रिसेप्शन आठला बंद.