किराणा कोठून आणावा? – बाजाराच्या ओढीचे गणित

मीठ नाशिकच्या दुकानातले असो की पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या दुकानातले असो, ते सारखेच खारट लागते. मग एक कुटुंब पाड्यावरच मीठ घेते, दुसरे पेठच्या बाजारातून आणते आणि तिसरे नाशिकहून येताना पिशवी भरून आणते, असे का व्हावे? “जेथे स्वस्त तेथे लोक जातात,” हे उत्तर चटकन सुचते. पण ते खरे असते, तर पाड्यावरचे दुकान केव्हाच बंद पडले असते. कारण तेथील भाव बहुधा सर्वांत चढा असतो.

विद्यार्थी मित्रांनो, पडणाऱ्या दगडाची गती जशी मोजता येते, तशी माणसांची बाजारहाटीची सवयही मोजता येते. कशी, ते आज पाहू.

पेठचा परिसर

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचा, गुजरातच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ तालुका. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादी आदिवासी समाजांची. गावे लहान, आणि ती गावेही अनेक पाड्यांत विखुरलेली. पावसाळ्यात भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके निघतात. म्हणजे भाकरीचे धान्य बऱ्याच घरांत शेतातून येते. तांदूळ-गहू रेशन दुकानातूनही मिळतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले आहे. विकत आणायचे राहते ते तेल, मीठ, साखर, चहा, डाळ, मिरची-मसाला, साबण आणि काडेपेटी.

यासाठी तीन ठिकाणे आहेत. पहिले पाड्यावरचे किंवा गावातले लहान दुकान. दुसरे पेठ किंवा करंजाळी यांसारख्या गावांतील बाजारपेठ. तिसरे नाशिक शहर. पेठहून ते सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि वाटेत कोटंबी व सावळ हे घाट लागतात.

बाजारालाही गुरुत्वाकर्षण?

न्यूटनचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. दोन वस्तूंमधील आकर्षण त्यांच्या वस्तुमानांच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १९३१ साली विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने असाच एक नियम बाजारपेठांसाठी मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातील गिऱ्हाइकांना प्रत्येक शहर आपल्याकडे ओढते. ही ओढ शहराच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्याचे म्हणणे होते.

मग वाटेवर असा एक बिंदू असला पाहिजे, की जेथे दोन्हीकडची ओढ समान भरते. हा सीमाबिंदू काढण्याची सोपी रीत पॉल कन्व्हर्स याने १९४९ साली दिली. मोठ्या गावाच्या लोकसंख्येला लहान गावाच्या लोकसंख्येने भागा, भागाकाराचे वर्गमूळ काढा, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या संख्येने दोन गावांमधील अंतराला भागा. उत्तर येते ते लहान गावापासून सीमाबिंदूचे अंतर.

हे पेठला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. पेठ गाव तिच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान आहे. पण हिशेब सोपा व्हावा म्हणून १०० पट धरू. १०० चे वर्गमूळ १०, त्यात १ मिळवून ११. ५५ भागिले ११ बरोबर ५.

म्हणजे पेठपासून नाशिकच्या दिशेने ५ किलोमीटर गेले, की पेठच्या बाजाराची सत्ता संपली! त्यापुढच्या सर्वांनी नाशिकला जावे, असे गणित सांगते. करंजाळी तर पेठपासून याहून बरीच दूर आहे. पण पावशेर तेलासाठी करंजाळीहून नाशिकला जाणारा माणूस तुम्हांला भेटेल काय?

नियम कोठे अडतो?

नियम चुकला म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. कोठे चुकला ते पाहायचे असते. रायलीचा रोख मुख्यतः कपड्यांसारख्या निवडून घेण्याच्या मालावर होता. लग्नाचा बस्ता किंवा सोन्याचे मणी घ्यायचे असले, तर पेठ तालुक्यातील माणूसही नाशिकचा रस्ता धरतो. तेथे दहा दुकाने पाहता येतात. मिठात निवडायचे काय? म्हणून मिठासाठी माणूस लांब जायला तयार नसतो.

१९६० नंतरच्या दशकात डेव्हिड हफ याने नियमात दोन सुधारणा केल्या. पहिली अशी, की अंतर किलोमीटरमध्ये न मोजता प्रवासाला लागणाऱ्या वेळात मोजावे. घाटातले १० किलोमीटर आणि सपाटीवरचे १० किलोमीटर सारखे नसतात. आणि पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की पलीकडचे दुकान कोसभर असूनही अनंत अंतरावर जाते. दुसरी सुधारणा अशी, की अंतराचा घातांक नेहमी २ च न धरता तो मालाप्रमाणे बदलू द्यावा. रोजच्या वस्तूंसाठी तो मोठा असतो. वरच्याच उदाहरणात घातांक ३ धरला, तर वर्गमूळाऐवजी घनमूळ काढावे लागेल. १०० चे घनमूळ सुमारे ४.६४, सीमाबिंदू पेठपासून पावणेदहा किलोमीटरवर सरकतो. घातांक जितका मोठा, तितके जवळचे दुकान बलवान.

पिशवीचा हिशेब

आता हाच प्रश्न एका घराच्या बाजूने सोडवू. पुढील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे खरे आकडे घालून हिशेब पुन्हा करा.

समजा, पाड्यावर १०० रुपयांना मिळणारा माल पेठला ९२ रुपयांना आणि नाशिकला ८६ रुपयांना मिळतो. जाण्यायेण्याचे भाडे पेठला ६० रुपये, नाशिकला २०० रुपये पडते. पाड्यावरच्या भावाशी तुलना करता फायदा-तोटा असा होईल :

६०० रुपयांचा माल : पेठला १२ रुपये तोटा, नाशिकला ११६ रुपये तोटा.
१,००० रुपयांचा माल : पेठला २० रुपये फायदा, नाशिकला ६० रुपये तोटा.
३,००० रुपयांचा माल : पेठला १८० रुपये फायदा, नाशिकला २२० रुपये फायदा.

समीकरण मांडलेत तर दिसेल, की ७५० रुपयांपर्यंत पाड्यावरचे दुकान, त्यानंतर सुमारे २,३३३ रुपयांपर्यंत पेठ आणि त्यापुढे नाशिक किफायतशीर ठरते. शिवाय जाण्यात रोजगार बुडतो. पेठसाठी अर्ध्या दिवसाचे १५० आणि नाशिकसाठी पूर्ण दिवसाचे ३०० रुपये आणखी धरा. आता ३,००० रुपयांच्या मालावर पेठला अवघे ३० रुपये सुटतात आणि नाशिकला ८० रुपये पदरचे जातात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याच्या हातात एकदम तीन हजार रुपये आहेत, त्यालाच स्वस्त बाजार परवडतो. ज्याच्या हातात शंभर रुपये आहेत, त्याने चढ्या भावाचे दुकान निवडले, तर तो त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याचा हिशेब बरोबरच असतो. कमी पैसे असणाऱ्याला वस्तू महाग पडते, ती अशी.

आठवड्याचा बाजार काय साधतो?

भाडे आणि बुडालेला रोजगार यांचा भार हलका करण्याची युक्ती लोकांनी फार पूर्वीच शोधली. ती म्हणजे आठवड्याचा बाजार. त्या दिवशी माणूस एकट्या किराण्यासाठी जात नाही. घरचे उडीद-खुरासणी विकतो, दवाखान्यात जातो, बँकेचे काम उरकतो, विळ्याला धार लावून घेतो, सोयरे-धायरे भेटतात. एकाच भाड्यात पाच कामे झाली, की किराण्याच्या वाट्याला भाड्याचा पाचवा हिस्सा येतो. वर काढलेली ७५० रुपयांची मर्यादा मग १५० रुपयांवर उतरते!

विक्रेत्याचेही यात हित असते. समजा, भांडी विकणाऱ्याचे पोट भरण्यासाठी आठवड्याला १२० गिऱ्हाइके हवीत, पण एका गावाच्या परिसरात २० च मिळतात. तेथे रोज दुकान मांडून तो बसला, तर उपाशी राहील. सहा दिवस सहा गावांचे बाजार केले, तर संख्या पुरी होते. गिऱ्हाइकांना प्रवास नको म्हणून विक्रेता प्रवास करतो. जेम्स स्टाइन याने १९६२ साली कोरियातील फिरत्या बाजारांवरून हाच विचार मांडला. आपला आठवड्याचा बाजार त्याच तत्त्वावर चालतो.

वहीतला भाव

एक गोष्ट मात्र अंतराने आणि भाड्याने उलगडत नाही. ती म्हणजे उधारी. शहरातले दुकान रोख मागते. पाड्यावरचा दुकानदार वहीत मांडून ठेवतो. समजा, रोखीने १०० रुपयांचा माल उधारीवर ११० रुपयांना मिळाला आणि पैसे महिन्याने फेडले. हे महिन्याला दरशेकडा १० म्हणजे सरळव्याजाने वर्षाला १२० टक्के व्याज झाले! दुसरी बाजूही पाहा. दुकानदाराचे पैसे अडकतात, काही बुडतात. आणि मीठ-मिरचीसाठी दोनशे रुपयांचे कर्ज रात्री आठ वाजता दुसरे कोण देणार? पण एकदा वही चढली, की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. तेव्हा आवड-निवड संपते आणि बांधिलकी सुरू होते.

ही बांधिलकी सैल करण्याचे प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकलाच आहे. आदिवासी शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला पडत्या भावाने जाऊ नये म्हणून १९७६ च्या कायद्यानुसार एकाधिकार खरेदी सुरू झाली. पावसाळ्याच्या ओढगस्तीच्या महिन्यांसाठी १९७८ पासून खावटी कर्जाची योजना आली. म्हणजे “किराणा कोठून आणता?” या साध्या प्रश्नामागे “पैसा हातात केव्हा येतो?” हा प्रश्न उभा असतो.

तो ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळी पिकांची कामे संपली, की पेठ-सुरगाण्याकडील कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मजुरीला जातात. त्या महिन्यांत त्यांचा बाजारच बदलतो आणि घरी परतताना काही माल तिकडूनच भरला जातो. नकाशावरचे अंतर तेच असते. माणूस मात्र हललेला असतो.

तुम्ही करून पाहा

१. बाजारगावापासून निरनिराळ्या अंतरांवरील वीस घरे निवडा. सगळी घरे रस्त्यालगतची नकोत, नाही तर निष्कर्ष एकांगी होईल.
२. “तुम्हांला कोणते दुकान आवडते?” असे विचारू नका. “तेल, साखर आणि कापड शेवटचे कोठून घेतले?” असे विचारा. आवड सांगताना माणूस बरे दिसेल ते सांगतो. खरेदी मात्र घडलेली गोष्ट असते.
३. नावे लिहू नका. उधारीची चौकशी चारचौघांत करू नका.
४. एका आलेखावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर त्या बाजारात जाणाऱ्या घरांची टक्केवारी घ्या. तेल आणि कापड यांच्या वक्ररेषा वेगळ्या येतात काय?
५. चहाची १० रुपयांची पुडी आणि मोठा पुडा यांवरील वजन पाहून किलोचा भाव काढा. फरक का पडतो?

विचार करा : पाड्यावर पक्का रस्ता आणि दिवसातून चार वेळा गाडी आली, तर तेथील दुकानाचे काय होईल? रस्ता आला तरी उधारी हवीच असेल, तर उत्तर बदलेल काय? शिक्षकांनी वर्गात दोन गट पाडून यावर चर्चा घ्यावी. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा हिशेब मात्र फळ्यावर मांडावा लागेल.