निर्मम आणि मधला बर्थ



आजचा पाठ: गीता, अध्याय १२, श्लोक १३. भक्ताच्या लक्षणांत इथे ‘निर्मम’ शब्द येतो. म्हणजे ‘माझं-माझं’ सुटलेला. माउली ज्ञानेश्वरीत पाण्याचा दृष्टान्त देतात: गाईची तहान भागवायची आणि वाघाला विष होऊन मारायचं, असा भेद पाणी करत नाही.

दिल्लीहून कळंबला जायचं तर कर्नाटक एक्स्प्रेसने सोलापूर, पुढे एसटीने तुळजापूर, धाराशिव, येरमाळा. (कळंबला रेल्वे नाहीच!) स्लीपरमधल्या मधल्या बर्थचा नियम माहीत असेलच. रात्री १० ते सकाळी ६ झोपायचा हक्क. सहाला तो खाली पाडला की तीच फळी तिघांना पाठ टेकायला. तिकीट आपलं, पण फळी?

निर्मम म्हणजे तिकीट फाडणं नव्हे, असं मला वाटतं. दहाला बर्थ लावून खुशाल झोपावं. खरी परीक्षा सहानंतर. मधल्या स्टेशनवर चढलेल्या आजी टेकायला आल्या की आपण बॅग सरकवतो, की सीट नंबर विचारतो?

बर्थचं एकवेळ जमेल. यावेळी मी शेताच्या वाटणीसाठी चाललोय. विहिरीचं पाणी दादाला किती, मला किती, हे रविवारी ठरायचंय. शेती दादा करतो, सातबाऱ्यावर नावं दोघांची. म्हणून उद्या पुढे न जाता हाच श्लोक पुन्हा घेऊ.