नेमका शब्द

वर्धा जिल्ह्यात जाम नावाचे एक गाव आहे. नागपूरहून येणाऱ्या महामार्गाला येथे दोन वाटा फुटतात. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. विदर्भात पेरूलाही जाम म्हणतात. आणि चाक अडकून फिरेनासे झाले, की ‘चाक जाम झाले’ असेही आपण म्हणतो. शब्द एक, अर्थ तीन! तरी घोटाळा होत नाही; कारण ‘जामला उतरा’, ‘दोन जाम खाल्ले’ आणि ‘चाक जाम झाले’ या वाक्यांतील संदर्भावरून अर्थ उमगतो.

शास्त्रात मात्र अशी सैल भाषा चालत नाही. तेथे प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला असावा लागतो. अशा शब्दांस पारिभाषिक शब्द म्हणतात. त्यांचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, वर्गात प्रक्षेपक, म्हणजे प्रोजेक्टर, लावला आहे आणि कोणी म्हणाले, “चित्र नीट दिसत नाही.” या वाक्यावरून दोष कोणता, हे कळेल काय? चित्राच्या कडा पुसट असतील, तर भिंग योग्य जागी नाही. ते फिरवून ‘केंद्रीकरण’ साधले पाहिजे. चित्र फिके असेल, तर यंत्राचा प्रकाश खोलीतील उजेडापुढे अपुरा पडतो. खिडक्या लावून घ्याव्यात. हा प्रकाश ‘ल्यूमेन’ या एककात मोजतात. चित्र एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस अरुंद दिसत असेल, तर यंत्र पडद्यासमोर तिरके ठेवलेले आहे. अक्षरांच्या कडा दातेरी दिसत असतील, तर ‘चित्रबिंदू’ कमी आहेत. सारे चित्र अशा सूक्ष्म बिंदूंचेच बनते. 1920 बिंदूंची एक ओळ, अशा 1080 ओळी, म्हणजे 20,73,600 बिंदू! पाहा, तक्रार एकच. पण दोष चार आणि उपायही चार.

आता संगणकाकडून चित्र यंत्रापर्यंत येते कसे, ते पाहू. तारेतून चित्र जात नाही, चित्राचा ‘संकेत’ जातो. तो दोन प्रकारचा असतो. 1987 साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या प्रमाणात विजेचा दाब कमीअधिक होतो. हा ‘सदृश’ संकेत होय. एचडीएमआय पद्धतीत तीच माहिती शून्य आणि एक या अंकांच्या रूपाने जाते. हा ‘अंकीय’ संकेत होय. एचडीएमआयच्या तारेतून ध्वनीही जातो, व्हीजीएच्या तारेतून जात नाही. म्हणून व्हीजीए जोडून चित्र दिसले, पण प्रक्षेपकातून आवाज आला नाही, तर यंत्र बिघडले असे समजू नये. ध्वनीची तार वेगळी जोडावी.

कधी पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटतात. ती वाचता आली, याचाच अर्थ दिवा व भिंग शाबूत आहेत. केवळ संकेत पोहोचलेला नाही. तार सैल असेल, किंवा तार एका छिद्रात आणि यंत्र वाट पाहते दुसऱ्याची, असे झाले असेल. हैदराबादच्या गाडीची चंद्रपूरच्या रस्त्यावर वाट पाहून ती कशी मिळावी?

नव्या यंत्रांना नावे देण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवीत. त्यांच्या खेळाचे नाव होते ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे जादूचा कंदील. शंबर हा पुराणांतील मायावी असुर, त्यावरून ‘शांबरिक’. पुढे 1960 साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले.

‘प्रोजेक्टर’ म्हणा की ‘प्रक्षेपक’ म्हणा, दोन्ही शब्द आपलेच. मात्र बोलताना अर्थ नेमका हवा. ज्याला दोषाचे नाव ठाऊक आहे, त्याला उपायाची वाट लवकर सापडते.

अभ्यास

1. ‘चित्र नीट दिसत नाही’ हे वाक्य अपुरे का?
2. सदृश व अंकीय संकेतांतील फरक सांगा.
3. सायकलच्या पाच भागांची नावे लिहा आणि प्रत्येकाचे काम एका वाक्यात सांगा.