गाडी आपल्याला दिसते, चालकाला आपण दिसतो का?

वर्षावास सुरू झाला की विहारात संध्याकाळची प्रवचने सुरू होतात. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी बौद्धवाड्या मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपास आहेत. प्रवचन आटोपून माणसे पोराबाळांसह, छत्री धरून, रस्त्याच्या कडेने घरी परततात. वर पाऊस, खाली चिखल आणि बाजूने धावणारी वाहने. एरवी या पानावर आम्ही ताप, साखर, रक्तदाब यांविषयी लिहितो. या वेळी विषय आहे या चालण्याचा.

अपघात झाला की ‘त्याची वेळच आली होती’ म्हणून आपण मोकळे होतो. कारणाशिवाय काही घडत नाही असे सांगणाऱ्या धम्माच्या उपासकांना हे बोलणे शोभत नाही. तेव्हा कारण पाहू.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणे, ते काय आहे हे कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे यासाठी चालकाला अडीच सेकंद लागतात, असे धरूनच आपल्याकडे रस्त्यांची आखणी होते. त्या वेळात गाडी चाळीस मीटर गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ६० च्या वेगाला ८० मीटर आणि ८० च्या वेगाला १२० मीटर धरले आहे. आता दुसरा आकडा पाहा. दिवे डिपरवर असतील तर गडद कपड्यांतला माणूस चालकाला बहुधा पन्नास मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. पावसात त्याहून जवळ. म्हणजे चालक शुद्धीत आहे, सावध आहे, वेगही मर्यादेत आहे, तरी गाडी वेळेत थांबत नाही.

आपली फसगत इथेच होते. अंधारात गाडीचे दिवे आपल्याला फार लांबून दिसतात. मग मनाला वाटते, मला तो दिसतोय तसा मीही त्याला दिसत असणार. परदेशांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि ते पुन्हा पुन्हा हेच सांगते की पायी चालणारा माणूस आपण किती लांबून दिसतो याचा अंदाज फार वाढवून करतो.

आपण विहारात पांढरे कपडे घालतो, त्याचा थोडा उपयोग होतो. पण वर काळी छत्री आणि गडद रेनकोट आला की तोही गेला. शिवाय समोरून दुसरी गाडी आली की तिच्या झगमगाटात नुसता पांढरा ठिपका माणूस आहे की मैलाचा दगड, हे कळत नाही. स्वीडनच्या गुन्नर योहानसन यांनी १९७३ साली दाखवून दिले की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे काही प्रकाशठिपके हलताना दिसले, तरी ‘हा माणूस चालतोय’ हे मेंदू क्षणात ओळखतो. पुढे ऑस्ट्रेलियात खऱ्या रस्त्यावर रात्री चाचण्या झाल्या. छातीवरच्या चमकत्या पट्टीपेक्षा घोटे, गुडघे आणि मनगटांवरच्या पट्ट्या असलेला माणूस चालकांनी कितीतरी आधी ओळखला. डिपरचा प्रकाश खालच्या बाजूला पडतो, त्यामुळे घोटा आधी उजळतो.

ही पट्टी म्हणजे आपण जिला ‘रेडियम’ म्हणतो ती. (तिच्यात रेडियम काही नसते, बारीक काचमणी किंवा तसाच पृष्ठभाग दिव्याचा प्रकाश आला तिकडेच परत पाठवतो.) गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या दुकानात ती मिळते. मुलांच्या चपलेच्या पट्ट्याला, दप्तराला, छत्रीच्या काठाला लावा. मोठ्यांनी घोट्याला बांधायचा कापडी पट्टा करावा. चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चाला. त्या गाड्यांची ती डावी बाजू असते आणि डिपरचा प्रकाश तिकडेच जास्त पडतो. बॅटरी आपल्या पायांवर धरा, चालकाच्या डोळ्यांवर नको.

आपल्यातले जे रिक्षा-टेम्पो चालवतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. रात्री समोरच्या दिव्याभोवती वलय दिसत असेल किंवा गाडी गेल्यावर बराच वेळ डोळ्यांपुढे अंधारी राहत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. चाळिशी-पन्नाशीनंतर याला उशीर करू नये.

रस्त्यावरचे फलकही याच हिशेबाने लावतात. ते ऐंशी मीटर सुरू होण्याआधी चालकाचे मन तयार व्हावे, हे त्यांचे काम. अक्षरे वाचायला वेळ लागतो, म्हणून आकार ठरवले आहेत: लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, लाल काठाचे वर्तुळ बंदी किंवा मर्यादा सांगते, निळा आयत माहिती देतो. न शिकलेल्या माणसालाही ते कळतात. बालसंस्कार वर्गात मुलांना जरूर शिकवा. पण फलकावर वेल चढला, शेवाळ धरले किंवा त्याच्यापुढे बॅनर लागला की तो नसल्यातच जमा. तो बॅनर आपल्या जयंतीचा असला तरी काढलाच पाहिजे. चौपदरीकरणाचे काम संपले तरी ‘काम चालू’चा फलक तसाच उभा राहतो, हेही तितकेच वाईट. असे दहा खोटे फलक पाहिलेला चालक अकरावा खरा फलकही मनावर घेत नाही.

तुमच्या वाडीची वाट जिथे महामार्गाला मिळते तिथे त्रिकोणी फलक आहे का, रात्री तो चमकतो का, हे एकदा गाडीत बसून पाहा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांकही आहे. अर्जात जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा लिहा. ‘आमच्या वाडीजवळ’ एवढ्यावर जागा सापडत नाही.